सायकोफार्माकोलॉजीचं जर्नल म्हणजे काय? ‘एका रिसर्चनुसार…’वाली रील बघून गोळी बंद करण्याआधी हे वाचा



‘एका नवीन रिसर्चनुसार…’ अशी सुरुवात असलेली रील किंवा व्हॉट्सॲप फॉरवर्ड तुम्हाला आठवड्यातून एकदा तरी येतच असेल. कॉफीने डोकं शांत होतं, गांजा सुरक्षित आहे, डिप्रेशनच्या गोळ्या म्हणजे फसवणूक आहे, वगैरे वगैरे. हा रिसर्च नेमका छापला जातो कुठे? तो तपासतं कोण? आणि आपल्यासारख्या डॉक्टर नसलेल्या माणसाला तो मोबाइलवर वाचता येतो का? आज आपण हेच एका खऱ्या जर्नलच्या मदतीने बघणार आहोत. त्या जर्नलचं नाव आहे ‘एक्सपेरिमेंटल अँड क्लिनिकल सायकोफार्माकोलॉजी’.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. मग या विषयात मी कशी पडले? कारण २०२२ मध्ये एका रीलवर विश्वास ठेवून मी स्वतःची गोळी बंद केली होती.

माझ्यासोबत काय झालं?

तेव्हा मला पॅनिक अटॅक यायचे. मीटिंग चालू असताना अचानक छातीत धडधड, हातपाय गार, आता आपण मरतोय असं वाटायचं. सायकिॲट्रिस्ट मॅडमनी एसएसआरआय गटातली एक गोळी सुरू केली आणि सोबत थेरपी. चार महिन्यांत बराच फरक पडला होता. मग एक रील आली. मागे पेपरचा स्क्रीनशॉट आणि वर मोठ्या अक्षरांत ‘सेरोटोनिनची थिअरी खोटी ठरली, गोळ्या बेकार’. स्क्रीनशॉट खरा होता, जर्नलही नामांकित होतं. मी कोणालाही न विचारता गोळी बंद केली.

तिसऱ्या दिवसापासून चक्कर, रात्री झोप नाही, आणि मान वळवली की डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखं व्हायचं. आईवर विनाकारण ओरडले. शेवटी ताईने विचारलं, “गोळी घेतेस ना गं?” आणि मग ती मला ओढतच मॅडमकडे घेऊन गेली. मॅडम रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “बंद करायची असेल तर करू, पण हळूहळू कमी करत, आणि दोघी मिळून. आणि तो पेपर तू वाचलास का?”

मी वाचला नव्हता. त्या रात्री पहिल्यांदा वाचला. त्यात काय होतं ते शेवटी सांगते, आधी थोडं बेसिक समजून घेऊ.

सायकोफार्माकोलॉजी म्हणजे काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर, मनावर, वागण्यावर आणि विचारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांचा अभ्यास. यात फक्त डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या येत नाहीत. चहा-कॉफीतलं कॅफीन, सिगारेट आणि तंबाखूतलं निकोटीन, दारू, गांजा, हेरॉइन हे सगळं यातच येतं.

या विषयाच्या इतिहासात आपला भारतही आहे. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे जुन्या काळापासून औषधात वापरली जाते. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर तिचा उपयोग होतो असा लेख एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात लिहिला. पण बाहेरच्या जगाचं लक्ष तिकडे फारसं गेलं नाही. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरचा अभ्यास ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापला आणि मग पाश्चात्त्य डॉक्टरांनी ही वनस्पती मनावर घेतली. पुढे तिच्यातून काढलेलं रिसर्पिन हे मानसिक आजारांवरच्या सुरुवातीच्या आधुनिक औषधांपैकी एक ठरलं. १९५७ चा लास्कर पुरस्कार ज्यांना मिळाला त्यांत डॉ. वकीलही होते. म्हणजे शोध लागणं एक गोष्ट, आणि तो लोक वाचतात अशा जर्नलमध्ये येणं दुसरी.

१९५९ मध्ये ‘सायकोफार्माकोलॉजिया’ नावाचं, फक्त याच विषयाला वाहिलेलं जर्नल युरोपातून सुरू झालं. ते आज ‘सायकोफार्माकोलॉजी’ या नावाने चालू आहे. आपण ज्या जर्नलबद्दल बोलतोय ते त्यानंतरचं.

जर्नलची थोडक्यात ओळख

• नाव: एक्सपेरिमेंटल अँड क्लिनिकल सायकोफार्माकोलॉजी
• प्रकाशक: अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन, म्हणजे एपीए
• सुरुवात: १९९३
• किती वेळा निघतं: वर्षातून ६ अंक
• छापील अंकाचा आयएसएसएन: १०६४-१२९७
• ऑनलाइन आवृत्तीचा आयएसएसएन: १९३६-२२९३
• विषय: औषधं आणि व्यसनाचे पदार्थ यांचा वागण्यावर होणारा परिणाम, प्रयोगशाळेपासून रुग्णापर्यंत

इथे एक गोंधळ नेहमी होतो. एपीए नावाच्या दोन संस्था आहेत. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन ही मानसशास्त्रज्ञांची आणि अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशन ही मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांची. मानसिक आजारांची व्याख्या देणारं ‘डीएसएम’ हे पुस्तक दुसऱ्या एपीएचं, आणि हे जर्नल पहिल्या एपीएचं. आपल्याकडेही हा फरक लक्षात ठेवा: सायकिॲट्रिस्ट हा डॉक्टर असतो आणि औषध लिहून देतो, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मुख्यतः तपासणी आणि थेरपी करतो.

जर्नलच्या नावातल्या ‘एक्सपेरिमेंटल’ आणि ‘क्लिनिकल’ या दोन शब्दांतच त्याचं काम आहे. एकीकडे प्रयोगशाळेतले प्रयोग, दुसरीकडे खऱ्या रुग्णांवरचे अभ्यास. पेपर उघडल्यावर आपण यातल्या कोणत्या टोकाला आहोत हे आधी बघायचं. उंदरावर जे दिसलं ते माणसात दिसेलच असं नाही.

आयएसएसएन नंबर खरा आहे का, हे कसं ओळखायचं?

हा भाग माझ्यातल्या इंजिनिअरचा आवडता. आयएसएसएन हा ८ अंकी नंबर असतो आणि त्यातला शेवटचा अंक आधीच्या सात अंकांवरून काढलेला असतो. वरचा १०६४-१२९७ घ्या. पहिल्या सात अंकांना क्रमाने ८, ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा:

८ + ० + ३६ + २० + ४ + ६ + १८ = ९२

९२ ला ११ ने भागलं की बाकी ४ उरते. ११ वजा ४ म्हणजे ७. शेवटचा अंक ७ च आहे, म्हणजे नंबर बरोबर.

पण थांबा. नंबर बरोबर आहे याचा अर्थ जर्नल चांगलं आहे असा होत नाही. आधार नंबर खरा असला म्हणून माणूस सज्जन असतोच असं नाही ना? पैसे घेऊन काहीही छापणारी बनावट जर्नल्ससुद्धा आयएसएसएन मिळवतात. या नंबरने फक्त ओळख पटते, दर्जा नाही.

डीओआय म्हणजे काय?

आयएसएसएन हा पूर्ण जर्नलचा नंबर, तर डीओआय हा एकेका पेपरचा कायमचा पत्ता. वेबसाइट बदलली, लिंक तुटली तरी डीओआय तुम्हाला पेपरपर्यंत पोचवतो. तो १० आणि टिंबाने सुरू होतो. एपीएच्या पेपर्सचा डीओआय १०.१०३७ ने सुरू होतो.

मोबाइलवर करून बघा: ब्राउझरमध्ये डीओआयची वेबसाइट उघडा, नंबर पेस्ट करा, पेपरचं पान उघडेल. चॅटजीपीटी किंवा दुसऱ्या कुठल्याही चॅटबॉटने तुम्हाला एखाद्या रिसर्चचा संदर्भ दिला तर ही तपासणी कराच. चॅटबॉट अगदी खरे वाटणारे पण अस्तित्वातच नसलेले पेपर बिनधास्त सांगतात.

पिअर रिव्ह्यू म्हणजे रिसर्चचा कोड रिव्ह्यू

आमच्याकडे कोणीही कोड लिहून थेट प्रॉडक्शनला टाकत नाही. आधी पुल रिक्वेस्ट टाकायची, मग टीममधले दोघंतिघं चुका काढतात. जर्नलमध्येही असंच असतं. लेखक पेपर पाठवतात, संपादक तो त्या विषयातल्या इतर तज्ज्ञांना देतो. ते सहसा पैसे न घेता वाचतात आणि प्रश्न विचारतात. मग पेपर सुधारून स्वीकारला जातो किंवा परत जातो.

पण कोड रिव्ह्यू झाला तरी बग राहतात, हे आमच्याइतकं कोणाला माहीत असणार? पिअर रिव्ह्यू करणारे सहसा प्रयोग पुन्हा करून बघत नाहीत. ते कागदावर जे आहे ते तपासतात. त्यामुळे पिअर रिव्ह्यू झालेला पेपर म्हणजे ‘पहिली चाळणी पार केलेला पेपर’, ‘अंतिम सत्य’ नाही.

एक खरा पेपर वाचून बघू

या जर्नलमध्ये १९९७ साली, ५ व्या खंडात, ग्रेगरी मॅडन, नॅन्सी पेट्री, गॅरी बॅजर आणि वॉरन बिकेल यांचा एक पेपर आला. कल्पना एकदम सोपी आहे. समजा मी तुम्हाला विचारलं, “आत्ता ५०० रुपये घेता की महिन्याने १०००?” काही जण थांबतील, काही जण म्हणतील दे आत्ताच. वाट बघावी लागली की बक्षिसाची किंमत मनातल्या मनात कमी होते. कोणाच्या मनात किती वेगाने कमी होते, ते असे प्रश्न विचारून मोजता येतं.

या चौघांनी हेच प्रश्न दोन गटांना विचारले. एका गटात अफूवर्गीय पदार्थांचं व्यसन असलेले १८ जण, दुसऱ्या गटात असे पदार्थ न घेणारे ३८ जण. रक्कम होती १००० डॉलर, पण काल्पनिक. व्यसन असलेल्या गटात नंतर मिळणाऱ्या पैशाची किंमत जास्त वेगाने घसरली. आणि पैशाऐवजी हेरॉइनबद्दल विचारलं तेव्हा ती त्याहूनही वेगाने घसरली.

आता यावर रील बनवली तर काय लिहितील? ‘सायन्सने सिद्ध केलं, व्यसनी लोकांना भविष्याची पर्वाच नसते.’ पेपर असं म्हणतो का? चला, पाच प्रश्न विचारू.

१. अभ्यास कोणावर? एका देशातले, एका प्रकारचं व्यसन असलेले लोक. तुमचा सिगारेट ओढणारा मित्र यात नाही.

२. किती जणांवर? १८ आणि ३८. सुरुवात म्हणून ठीक, पण यावरून सगळ्या जगाबद्दल बोलता येत नाही. म्हणूनच असे अभ्यास पुन्हापुन्हा, वेगवेगळ्या लोकांवर करावे लागतात. या विषयावर नंतर तसे अनेक झाले.

३. कशाशी तुलना? पदार्थ न घेणाऱ्या गटाशी. चांगलं आहे, तुलनाच नसती तर निष्कर्षाला अर्थ नव्हता. पण व्यसनामुळे माणूस अधीर झाला, की आधीच अधीर होता म्हणून व्यसनात अडकला, हे या तुलनेतून कळत नाही.

४. मोजलं काय? काल्पनिक रकमेबद्दलची उत्तरं. कोणाच्या हातात खरे पैसे ठेवले नव्हते.

५. खर्च कोणी केला? हे पेपरच्या तळटिपेत किंवा शेवटी लिहिलेलं असतं. सरकारी अनुदान की औषध कंपनी, ते बघायचं. कंपनीचा पैसा म्हणजे पेपर खोटा असं नाही, पण वाचताना जास्त सावध राहायचं.

आणि एक शब्द जपून वाचा: ‘सिग्निफिकंट’. बोलण्यात आपण त्याचा अर्थ ‘मोठा’ असा घेतो. पेपरमध्ये त्याचा अर्थ एवढाच की खरा फरक नसताच, तर निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता कमी होती. फरक अगदी छोटा असूनही तो ‘सिग्निफिकंट’ असू शकतो.

जे छापलंच नाही, त्याचं काय?

हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. समजा मी १० टेस्ट चालवल्या, ५ पास झाल्या आणि मॅनेजरला फक्त त्या ५ दाखवल्या. तो खूश! औषधांच्या बाबतीत असंच घडल्याचं २००८ मध्ये एरिक टर्नर आणि सहकाऱ्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दाखवलं. त्यांनी डिप्रेशनवरच्या १२ औषधांचे, अमेरिकेच्या एफडीएकडे नोंदलेले ७४ अभ्यास शोधले. एफडीएच्या मते त्यातल्या ३८ अभ्यासांचा निकाल औषधाच्या बाजूने होता, आणि एक सोडून ते सगळे छापले गेले. उरलेल्या ३६ पैकी २२ छापलेच गेले नाहीत आणि ११ असे लिहिले गेले की वाचणाऱ्याला निकाल चांगलाच वाटावा. परिणाम काय? फक्त जर्नल्स वाचणाऱ्याला ९४ टक्के अभ्यास यशस्वी दिसत होते, प्रत्यक्षात एफडीएच्या हिशोबाने ५१ टक्के.

यावर उपाय म्हणजे अभ्यास सुरू करण्याआधीच त्याची जाहीर नोंदणी. भारतात त्यासाठी २००७ पासून सीटीआरआय ही नोंदवही आहे. कोणीही मोफत उघडून बघू शकतं.

पेपर फुकट कसा वाचायचा?

पूर्ण पेपरला पैसे मागतात, आणि ते आपल्या खिशाला परवडत नाहीत. पण हे करून बघा:

• सारांश, म्हणजे ॲबस्ट्रॅक्ट, बहुतेक वेळा फुकट असतो. पबमेडवर पेपरचं नाव टाकून शोधा.
• अमेरिकी सरकारच्या पैशातून झालेल्या अनेक पेपर्सची मोफत प्रत पबमेड सेंट्रलवर मिळते.
• कॉलेजमध्ये असाल तर लायब्ररीत विचारा. जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत सरकारी उच्च शिक्षण संस्थांना हजारो जर्नल्स मिळतात. तुमचं जर्नल त्या यादीत आहे का ते तपासा.
• लेखकाला साधा ईमेल करा. अनेक लेखक आनंदाने प्रत पाठवतात.
• पेपरच्या पानावर ‘चेक फॉर अपडेट्स’ असं बटण असेल तर ते दाबा. पेपर मागे घेतला गेला असेल किंवा त्यात दुरुस्ती झाली असेल तर तिथे कळतं.

आता माझ्या रीलकडे परत येऊ

तो पेपर जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांचा होता. २०२२ च्या जुलैमध्ये ‘मॉलिक्युलर सायकिॲट्री’त आलेला. त्यांनी आधीच्या अनेक आढाव्यांचा एकत्र आढावा घेतला होता. निष्कर्ष असा: सेरोटोनिन कमी झाल्यामुळे डिप्रेशन होतं याला सातत्यपूर्ण पुरावा दिसत नाही. हे लेखक औषधांबद्दल टीका करतात हे खरं आहे, आणि त्यांच्या पद्धतीवर इतर तज्ज्ञांनी त्याच जर्नलमध्ये आक्षेपही घेतले.

पण पेपरचा प्रश्न होता ‘डिप्रेशन कशाने होतं?’ आणि रीलने उत्तर दिलं ‘गोळी काम करते का?’ या प्रश्नाचं. पॅरासिटामॉलने ताप उतरतो. म्हणून ताप पॅरासिटामॉल कमी पडल्यामुळे आला होता का? गोळी काम करते का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्यावर वेगळे अभ्यास आहेत. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आंद्रेआ चिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ रुग्णांची माहिती एकत्र केली. मोठ्या माणसांच्या डिप्रेशनमध्ये तपासलेली सगळी २१ औषधं नकली गोळीपेक्षा सरस ठरली. पण सरासरी फरक फार मोठा नव्हता, आणि बहुतेक चाचण्या काही आठवड्यांच्याच होत्या. म्हणजे ‘गोळी बेकार’ हेही चूक आणि ‘गोळी म्हणजे जादू’ हेही चूक.

आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे, हे दोन्ही पेपर डिप्रेशनवरचे. माझी गोळी होती पॅनिक अटॅकची. ज्या पेपरमुळे मी गोळी सोडली त्यात माझा आजारच नव्हता. पाच प्रश्नांतला पहिलाच प्रश्न, ‘अभ्यास कोणावर?’, मी विचारला असता तर ते चार-पाच दिवस वाचले असते.

पुढे वर्षभराने माझी गोळी बंद झालीच. मॅडमनी डोस हळूहळू कमी करत नेला. या वेळी झटके आले नाहीत, आणि आई आता गंमतीने विचारते, “आज कुठला रिसर्च वाचलास?”

लक्षात ठेवा

पेपर हा एका गटाच्या सरासरीबद्दल बोलतो. तुमच्याबद्दल बोलायला तुमची तपासणी केलेला माणूस लागतो. म्हणून पेपर जरूर वाचा, पण त्यातून निर्णय काढू नका, प्रश्न काढा. ते प्रश्न मोबाइलच्या नोट्समध्ये लिहा आणि डॉक्टरांसमोर वाचून दाखवा. चांगला डॉक्टर त्याचा राग मानत नाही. मानसिक आजाराची कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, वाढवू नका आणि मित्राची गोळी घेऊ नका.

बोलायला कोणीच नसेल तर केंद्र सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे. नंबर १४४१६. फोन मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

घरात किंवा ग्रुपमध्ये कोणी अशी गोळी घेत असेल, तर पुढची ‘एका रिसर्चनुसार’वाली रील त्यांच्यापर्यंत पोचण्याआधी हा लेख त्यांना पाठवा.